शाळेच्या मंत्रिमंडळाची सोडत

जुलै महिन्यात महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांमध्ये निवडणूक होते. जिल्हा परिषदेची शाळा असो की एखाद्या संस्थेचं माध्यमिक विद्यालय, थाट साधारण सारखाच असतो. सूचना फलकावर निवडणुकीचा कार्यक्रम लागतो. उमेदवारी अर्ज, छाननी, माघारीची मुदत, मग चिन्हांचं वाटप. पुस्तक, छत्री, कंपासपेटी, फुटबॉल. मतदानाच्या दिवशी एका वर्गातले बाक भिंतीला सरकवून मतदान केंद्र उभं राहतं. दहावीतली मुलं मतदान अधिकारी होऊन यादीवर खूण करतात, बोटाला शाई लावतात आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे ठेवलेल्या मोबाइलवरच्या ॲपमधून खऱ्या मतदान यंत्रासारखा आवाज येतो. दुपारी मोजणी, संध्याकाळी निकाल, दोन दिवसांनी शपथविधी. मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, स्वच्छतामंत्री, सहलमंत्री, परिपाठमंत्री.

ही प्रक्रिया मुलांनी हाताळली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं मतदानाचं पान वाचणं आणि रांगेत उभं राहून शाई लावून घेणं यांत फार अंतर आहे. माझा प्रश्न पुढच्या दहा महिन्यांचा आहे. शपथ घेतल्यानंतर हे मंत्री करतात काय?

बहुतेक ठिकाणी आरोग्यमंत्री प्रार्थनेनंतर नखं तपासतो. शिक्षणमंत्री मोकळ्या तासाला वर्ग शांत ठेवतो आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहितो. परिपाठमंत्री सुविचार कोण सांगणार ते ठरवतो. सहल कुठे न्यायची हे मात्र कार्यालयात ठरतं, सहलमंत्र्याच्या हाती पैसे गोळा करण्याची वही येते. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची कडी तुटलेली असेल, तर स्वच्छतामंत्री झालेल्या मुलीला ती बदलून घेता येत नाही. तिच्याकडे त्यासाठी पैसा नाही, कुणाला लेखी विचारण्याचा अधिकार नाही, आणि विचारलंच तर उत्तर मिळेल याची खात्री नाही. निवडून दिलं मुलांनी, कामं मात्र सगळी शिक्षकांची. माध्यमिक शाळेतल्या विद्यार्थी कारभारात सुधारणा करायची असेल, तर सुरुवात इथून करावी लागेल.

हे असं का झालं, याची मुळं बरीच जुनी आहेत. वर्गाचा मॉनिटर ही व्यवस्था जगभर पसरली ती मद्रासमधून. अँड्र्यू बेल नावाचे धर्मोपदेशक १७८९ ते १७९६ या काळात मद्रासच्या एगमोर भागातल्या, सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी असलेल्या आश्रमशाळेचे प्रमुख होते. तिथल्या एका देशी शाळेत मुलं वाळूवर बोटांनी अक्षरं गिरवत एकमेकांना शिकवताना त्यांनी पाहिली आणि तीच रीत आपल्या शाळेत आणली. थोडं पुढे गेलेल्या मुलाने मागच्यांना शिकवायचं, त्यांच्यावर लक्षही ठेवायचं. १७९७ मध्ये लंडनला त्यांनी या प्रयोगाचा वृत्तांत छापला. जोसेफ लँकेस्टरने तिथे अशीच पद्धत चालवली, आणि थोड्याच काळात एका शिक्षकाकडून शेकडो मुलांना शिकवण्याचा हा स्वस्त मार्ग अनेक देशांत गेला. पुढे १८२८ पासून इंग्लंडमधल्या रग्बी नावाच्या शाळेत थॉमस अर्नोल्डने वरच्या वर्गातल्या मुलांना शिस्तीचे अधिकार देऊन प्रीफेक्टची परंपरा पक्की केली. इंग्रजी शाळांमधले हेड बॉय, हेड गर्ल, हाउस कॅप्टन आपल्याकडे आले ते त्या वळणाने. या सगळ्या पदांमध्ये एक गोष्ट समान आहे. ही मुलं शिक्षकांच्या वतीने मुलांवर देखरेख करतात. मुलांच्या वतीने शाळेशी बोलणं हे त्यांचं काम कधी नव्हतंच.

मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत दुसरी कल्पना आली. १८९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्सन गिल यांनी शाळेलाच एक छोटं शहर मानून तिथे महापौर, नगरसेवक, न्यायाधीश, पोलीस अशी पदं मुलांमधून निवडायला सुरुवात केली. आपलं शालेय मंत्रिमंडळ त्याच जातकुळीतलं आहे. मोठ्यांच्या जगातली पदं शाळेत आणली, त्या पदांची नावं आणि शपथही आणली. पदामागची सत्ता मात्र मुलांपर्यंत पोचली नाही. मॉनिटरचं जुनं काम आणि मंत्र्याचं नवं नाव, अशी ही जोडणी होऊन बसली.

अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या एका निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. पहिल्या पायरीवर मोठे मुलांना आपल्या हेतूसाठी वापरतात, दुसऱ्यावर मुलं शोभेला उभी असतात, तिसऱ्यावर त्यांना बोलायला सांगितलं जातं पण त्यांच्या बोलण्याने काही बदलणार नसतं. आपल्या शाळेचं मंत्रिमंडळ कुठल्या पायरीवर आहे, हे मुख्याध्यापकांनी आणि शिक्षकांनी एकदा एकत्र बसून प्रामाणिकपणे ठरवावं. मुलांना ते आधीच कळलेलं असतं.

मुलांच्या हाती खरा अधिकार दिला तर काय होतं, याची उदाहरणं जगात आहेत आणि ती शंभर वर्षांपासून आहेत. त्यातलं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते पोलंडमधले शिक्षणतज्ज्ञ यानुश कोर्चाक यांचं. भारतीय वाचकाला कोर्चाक बहुधा ठाऊक असतात ते रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’मुळे. जुलै १९४२ मध्ये, नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वॉर्साच्या घेट्टोत त्यांच्या अनाथाश्रमातल्या मुलांनी ते नाटक केलं, आणि काही आठवड्यांतच ती मुलं आणि कोर्चाक ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत मारले गेले. पण त्याच्या तीस वर्षं आधी, १९१२ मध्ये, त्यांनी हा आश्रम सुरू केला, आणि पुढे तिथे मुलांचं न्यायालय उभं केलं. तक्रार असेल त्याने ती फलकावर लिहायची. आठवड्याला न्यायालय बसायचं. पाच न्यायाधीश मुलांमधूनच, आणि तेही मतदानाने निवडलेले नाहीत. ज्यांच्यावर त्या आठवड्यात एकही तक्रार नाही अशा मुलांमधून चिठ्ठ्या टाकून पाच जण निवडले जायचे.

या न्यायालयाच्या संहितेत पहिली नव्व्याण्णव कलमं क्षमेची होती. चुकून झालं म्हणून क्षमा, रागाच्या भरात झालं म्हणून क्षमा, पुन्हा करणार नाही म्हणतो म्हणून क्षमा. शंभराव्या कलमानंतर ठपका, आणि एक हजारावं कलम आश्रमातून काढण्याचं. सुरुवातीला हे न्यायालय नीट चाललं नाही. कोर्चाक यांनी ते काही आठवडे थांबवलं आणि दुरुस्त्या करून पुन्हा सुरू केलं. त्यातली एक दुरुस्ती अशी की मुलांना मोठ्यांवरही तक्रार करता येईल. स्वतः कोर्चाक सहा महिन्यांत पाच वेळा या न्यायालयासमोर उभे राहिले. एकदा एका मुलाच्या कानशिलात मारल्याबद्दल, एकदा एका मुलीवर चोरीचा आळ घेतल्याबद्दल. आश्रमाचा प्रमुख चिठ्ठीने निवडलेल्या मुलांसमोर उत्तर देतो, हे दृश्य ज्या मुलांनी पाहिलं त्यांना कायद्यापुढे सगळे समान असतात हे पाठ करावं लागलं नसेल.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. नैतिक विकासाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९७४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या सरकारी हायस्कूलमध्येच एक छोटी शाळा उभी करायला मदत केली. तिचं नाव क्लस्टर स्कूल. विद्यार्थी साठ-सत्तरच. आठवड्यातून एकदा सगळी शाळा एकत्र बसायची आणि नियम, शिस्त, तंटे यांवर चर्चा करून मत घ्यायची. मुलाला एक मत, शिक्षकालाही एकच. एकदा एका मुलीच्या पर्समधून नऊ डॉलर गेले. सभेत सुरुवातीला मुलं म्हणत होती की पर्स सांभाळायची जबाबदारी तिची. मग चर्चा वळली. आपल्यातल्याच कुणीतरी आपल्यातल्याच कुणाचे तरी पैसे घेतले, म्हणजे हा सगळ्यांचा प्रश्न आहे, असं मुलं बोलू लागली. शेवटी ठरलं की प्रत्येकाने पंधरा सेंट द्यायचे आणि तिची रक्कम भरून काढायची. नऊ डॉलरची चोरी उपदेशाने मिटवता आली असती, पोलिसांत देऊनही मिटवता आली असती. तिथे ती मिटली मुलांनी स्वतःच्या खिशात हात घालून, आणि तो निर्णय त्यांचा होता.

राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजच्या रात्रशाळांचं उदाहरण आपल्या अधिक जवळचं. दिवसा शेळ्या राखणारी, घरकाम करणारी मुलं रात्री सौरदिव्याच्या उजेडात शिकतात. त्यांची बालसंसद शाळांवर देखरेख करते. शिक्षक वेळेवर येतात का, दिवा चालतो का, पाण्याची सोय आहे का, हे मुलं पाहतात आणि संस्थेला जाब विचारतात. तिथेही निवडणूक होते, पंतप्रधान असतो, मंत्री असतात. नावं आपल्यासारखीच. फरक इतकाच की तिथला मंत्री दिवा बंद का, हे विचारू शकतो आणि त्याला उत्तर मिळतं.

अधिकाराबरोबर पैसा आला पाहिजे. हे वाक्य शाळेत उच्चारलं की लगेच कपाळाला आठ्या पडतात. म्हणून पोर्तुगालचं उदाहरण सांगतो. २०१७ पासून तिथल्या सरकारने सातवीपासून पुढचे वर्ग असलेल्या सरकारी शाळांना दर विद्यार्थ्यामागे एक युरो या हिशेबाने वेगळी रक्कम द्यायला सुरुवात केली. शाळा लहान असेल तरी किमान पाचशे युरो. या पैशातून शाळेत काय सुधारायचं याचे प्रस्ताव मुलांनीच मांडायचे. प्रस्तावाला शाळेतल्या किमान पाच टक्के मुलांचा पाठिंबा हवा. मग २४ मार्चला, त्यांच्या विद्यार्थी दिनाच्या सुमारास, मतदान. निवडून यायचं असतं ते कामाने. पोस्टरवर चेहरा नसतो, असतो तो बाकांचा, सायकल स्टँडचा किंवा वाद्यांचा प्रस्ताव. एका मुलामागे एक युरो ही रक्कम मोठी नाही. पण मुलांना पहिल्यांदा कळतं की एक गोष्ट घेतली तर दुसरी राहते, आणि राहिलेल्याचं उत्तरही आपल्यालाच द्यावं लागतं.

जर्मनीच्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात तर याच्या पुढची पायरी आहे. तिथल्या माध्यमिक शाळांच्या परिषदेत शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांचे प्रतिनिधी समान संख्येने बसतात. आपल्याकडेही शाळा व्यवस्थापन समितीत विद्यार्थ्यांना घेण्याची तरतूद आहे. ती मुलं बैठकीला किती वेळा बोलावली जातात आणि बोलावली तर इतिवृत्तात त्यांचं म्हणणं येतं का, हे प्रत्येक गावात पालकांनी विचारण्यासारखं आहे.

आता दुसरा, माझ्या मते तितकाच मोठा प्रश्न. अधिकार दिला, पैसा दिला, पण तो वापरायला बसणार कोण?

शाळेतली निवडणूक कोण जिंकतं हे वर्गात महिनाभर बसलेल्या कुणालाही सांगता येईल. चुणचुणीत बोलणारा, खेळात चमकणारा, शिक्षकांच्या डोळ्यांसमोर असलेला, गावात घराचं नाव असलेला. वाडीवस्तीवरून तीन किलोमीटर चालत येणारी, वर्गात तोंड न उघडणारी मुलगी अर्जच भरत नाही. भरला तर तिला मत कोण देणार, हे तिलाही माहीत असतं. मुली निवडून आल्या तरी त्यांच्या वाट्याला सांस्कृतिक किंवा स्वच्छता खातं येतं, मुख्यमंत्रिपद क्वचित. आणि एकदा आठवीत निवडून आलेला मुलगा नववीतही येतो, दहावीतही. ज्याला नेतृत्वाचा सराव आधीच आहे त्यालाच आणखी सराव, असं हे चक्र चालतं. शाळेचं काम तर याच्या नेमकं उलट आहे. गणित ज्याला येतं त्यालाच गणित शिकवायचं असं आपण कधी म्हणत नाही.

निवडणुकीला एक पर्याय महाराष्ट्राने महाविद्यालयांत करून पाहिला. निवडणुकांमधल्या हिंसाचारानंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद केल्या आणि विद्यार्थी प्रतिनिधी गुणांच्या आधारे घेण्याची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकांची तरतूद परत आली. दोन टोकांचा हा प्रवास पाहिला की वाटतं, तिसरा मार्ग आपण पाहिलाच नाही. गुणांवर निवडलं तर पहिल्या बाकावरची मुलं येतात, मतांवर निवडलं तर लोकप्रिय मुलं येतात. दोन्हीकडे मधल्या आणि शेवटच्या बाकांवरची मुलं बाहेरच राहतात.

तिसरा मार्ग चिठ्ठीचा. दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हियातल्या कोचाबांबा भागात ‘डेमॉक्रसी इन प्रॅक्टिस’ या संस्थेने गेल्या दशकात काही माध्यमिक शाळांमध्ये विद्यार्थी मंडळाची निवडणूक काढून टाकली आणि त्या जागी सोडत आणली. ज्याचं नाव निघेल तो मंडळात. मंडळ ठरावीक मुदतीने बदलतं. सगळे सदस्य बरोबरीचे. त्यांना बैठक कशी चालवायची, वाद कसा ऐकून घ्यायचा, कामाची आखणी कशी करायची याचं प्रशिक्षण दिलं जातं. लेखक माल्कम ग्लॅडवेल यांनी २०२० मध्ये आपल्या पॉडकास्टमध्ये हा प्रयोग सांगितला तेव्हा तो जगभर चर्चेत आला. या प्रयोगाचा गाभा असा की नेतृत्व कुणाच्या अंगात दडलेलं आहे ते आधीच ओळखायचा आग्रह सोडून दिला. काम करायला मिळालं की ते कुणामध्येही घडू शकतं, एवढं गृहीत धरलं.

सोडत हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. म्हाडाची घरं सोडतीने मिळतात, शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांचे प्रवेश सोडतीने होतात, सरपंचपदाचं आरक्षण सोडतीने ठरतं. त्या सोडतीत तहसील कार्यालयातल्या सभेत पारदर्शक बरणीतून चिठ्ठी काढायला अनेकदा एखाद्या शाळकरी मुलालाच पुढे बोलावतात. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागात दोन उमेदवारांना समान मतं पडली तेव्हाही निकाल चिठ्ठीनेच लागला. म्हणजे चिठ्ठी निःपक्ष असते यावर आपला विश्वास आहेच.

तो विश्वास फार जुना आहे. तमिळनाडूतल्या कांचीपुरमजवळच्या उत्तिरमेरूर गावात वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या भिंतींवर पहिल्या परांतक या चोळ राजाच्या काळातले, इसवी सन ९१९ आणि ९२१ चे शिलालेख आहेत. गावसभेच्या समित्यांवर माणसं कशी नेमायची त्याचे नियम त्यात कोरलेले आहेत. गावाचे तीस प्रभाग. प्रत्येक प्रभागातल्या पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहायची, जुड्या बांधून घागरीत टाकायच्या. सगळ्या सभेसमोर एक पुजारी घागर उचलून धरणार आणि ज्याला यातलं काही कळत नाही असा एक लहान मुलगा आत हात घालून चिठ्ठी काढणार. ती चिठ्ठी घेणाऱ्याने पाचही बोटं पसरून उघड्या तळहातावर घ्यायची, म्हणजे हातचलाखीला जागा नको, आणि मोठ्याने वाचायची. मग तिथले सगळे पुजारी ती वाचणार. अशा रीतीने वार्षिक समितीवर बारा, बागांच्या समितीवर बारा, तलावाच्या समितीवर सहा जण. गेल्या तीन वर्षांत ज्याने समितीवर काम केलं त्याचं नाव घागरीत जाणार नाही. आणि ज्याने समितीवर असताना हिशेब दिला नाही त्याचंही नाही, त्याच्या जवळच्या नातेवाइकांचंही नाही.

अकराशे वर्षांपूर्वीच्या या नियमांमध्ये शाळेला घेण्यासारखं बरंच आहे. पण त्यातली उणीवही सांगितली पाहिजे. घागरीत नाव जाण्यासाठी जमीन हवी, स्वतःच्या जागेवर घर हवं, वेदविद्या हवी, वय ३५ ते ७० हवं. ते ब्राह्मणांना दान दिलेलं गाव होतं. स्त्रिया नाहीत, भूमिहीन नाहीत. प्राचीन अथेन्समध्येही पाचशे जणांची परिषद दर वर्षी चिठ्ठीने भरायची, दहा जमातींतून पन्नास-पन्नास, आणि आयुष्यात दोनदाच बसता यायचं. पण तिथेही बायका आणि गुलाम बाहेरच होते. चिठ्ठी न्याय करते तो फक्त ज्यांची नावं घागरीत आहेत त्यांच्यापुरता. शाळेला ही अडचण नाही. हजेरीपटावरचं प्रत्येक नाव डब्यात टाकता येतं. इतकी संपूर्ण यादी अथेन्सकडेही नव्हती, उत्तिरमेरूरकडेही नव्हती.

हिशेब करून पाहू. आठवी ते दहावीच्या प्रत्येकी तीन तुकड्या, एका तुकडीत चाळीस मुलं, म्हणजे शाळेत ३६० विद्यार्थी. प्रत्येक तुकडीतून एक मुलगा आणि एक मुलगी वेगवेगळ्या डब्यांतून काढायची. नऊ तुकड्यांचे अठरा जण झाले. मंडळ दर सत्राला बदलायचं, आणि एकदा नाव निघालेल्याची चिठ्ठी पुन्हा टाकायची नाही. एका तुकडीतल्या चाळीस मुलांना आठवी ते दहावी सहा सत्रं मिळतात, प्रत्येक सत्रात दोघं, म्हणजे चाळीसांतली बारा मुलं शाळा सोडण्यापूर्वी कारभारात बसलेली असतील. दहांतली तीन. आजच्या पद्धतीत मंत्री बारा मानले आणि दर वर्षी नवीन बारा जण आले असं धरलं तरी, दहांतला एकच पोचतो. आणि ते बारा दर वर्षी नवीन नसतात.

यावर शिक्षकांच्या शंका रास्त आहेत. ज्याला बोलता येत नाही त्याचं नाव निघालं तर? अठरांमध्ये तो एकटा नसतो, आणि बोलायला शिकण्यासाठीच तर तो शाळेत येतो. पहिल्या दोन बैठका शिक्षकांनी चालवून दाखवाव्यात, तिसरीपासून मुलांनी आळीपाळीने. वर्तुळात एकेकाला बोलायची पाळी दिली की गप्प मुलंही दोन वाक्यं बोलतात. ज्याची इच्छा नाही त्याला नाही म्हणता यावं, पण लगेच नाही, एक दिवस विचार करून. कारण पहिल्या क्षणाचं नाही बऱ्याचदा भीतीचं असतं. व्रात्य मुलाचं नाव निघालं तर? मी म्हणेन, निघू द्या. शाळेच्या नियमांचा जाच सगळ्यांत जास्त त्याला होतो, म्हणून कुठला नियम निरर्थक आहे हेही बहुधा त्यालाच माहीत असतं. जिथे खास कौशल्य लागतं तिथे मात्र चिठ्ठी नको. अथेन्सही सेनापती हात वर करून निवडायचं. कबड्डीच्या संघाचा कर्णधार खेळाडूंनीच निवडावा.

मंडळाच्या हाती काय नाही, हेही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं लागेल. परीक्षेचे गुण, शिक्षकांच्या नेमणुका, एखाद्या मुलाच्या घरची परिस्थिती, हे त्यांच्यापुढे येता कामा नये. छळाची किंवा लैंगिक त्रासाची तक्रार मुलांच्या बैठकीत कधीही चर्चेला येऊ नये. ती २०१२ च्या पॉक्सो कायद्याखालची मोठ्यांची जबाबदारी आहे आणि ती टाळण्यासाठी विद्यार्थी मंडळाचा आडोसा कुणालाही घेता येणार नाही. उरलेल्यात मात्र भरपूर काम आहे. मधल्या सुट्टीची वेळ आणि पाण्याच्या नळांवरची गर्दी, ग्रंथालय कधी उघडं ठेवायचं, खेळाचं साहित्य कुणाला कधी मिळणार, सहलीचं ठिकाण आणि तिचा खर्च, स्नेहसंमेलनात कोण राहून गेलं, गणवेशाच्या नियमातली कुठली अट विनाकारण महाग पडते, सायकली कुठे लावायच्या. पहिल्या वर्षी यांतले दोन-तीनच विषय पूर्णपणे मंडळाकडे सोपवावेत, पण पूर्णपणे. अर्धवट सोपवलेल्या दहा विषयांपेक्षा ते बरं.

पैशाचं पोर्तुगालसारखं करता येईल. दर विद्यार्थ्यामागे वीस रुपये धरले तर ३६० मुलांच्या शाळेत ७,२०० रुपये होतात. संस्थेकडून, माजी विद्यार्थ्यांकडून किंवा गावातल्या दात्यांकडून एवढी रक्कम उभी राहू शकते. पालकांकडून मात्र गोळा करू नये, नाहीतर देणाऱ्या-न देणाऱ्यांचा भेद तिथेही येईल. खर्चाची वही मुलांनी ठेवायची. तारीख, वस्तू, दुकानाच्या पावतीचा क्रमांक, रक्कम, शिल्लक, दोघांच्या सह्या. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते पान फलकावर लावायचं. नववीच्या मुलीला स्वच्छतागृहाच्या दाराची कडी आणि ती बसवणाऱ्या सुताराची मजुरी या दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहिता आल्या, तर तिच्या खात्याला अर्थ येईल. आणि सत्र संपताना हिशेब पूर्ण करून दिल्याशिवाय नवी सोडत काढायची नाही, हा नियम उत्तिरमेरूरकडून उचलावा.

राहता राहिले मुख्याध्यापक. ही सगळी व्यवस्था त्यांच्या एका सवयीवर टिकेल किंवा मोडेल. मंडळाचा ठराव आला की पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. होकार असेल तर कधी होणार ती तारीख, नकार असेल तर त्याचं कारण, मुलांना समजेल अशा भाषेत. सहल कोकणात नेता येणार नाही कारण एसटीचं भाडं ठरलेल्या रकमेबाहेर जातं, असं लिहिलं की मुलं आकडे मागतील, दुसरा मार्ग सुचवतील, कदाचित आगारात जाऊन भाड्याचा दर विचारून येतील. नुसतं ‘पाहू’ म्हटलं तर पुढच्या बैठकीला अठरांतले दहाच येतील. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं बारावं कलम मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि त्या मताला योग्य ते वजन मिळण्याचा हक्क देतं. भारताने ती १९९२ मध्ये मान्य केली. त्या कलमासाठी शाळेने वेगळं काही बांधायला नको. ठरावांची एक वही पुरेल, डाव्या पानावर मंडळाची मागणी आणि उजव्या पानावर मुख्याध्यापकांचं उत्तर, तारीख आणि सही. ती ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवावी, म्हणजे पाचवीतल्या मुलालाही उघडून वाचता येईल.